नांदेड-लातूरच्या गर्दीत दुचाकी कशी चालवायची? नियम, कौशल्य आणि 15 सेकंदांचं गणित

संध्याकाळचे सहा वाजलेत. लातूरच्या गंजगोलाईत बाजार भरात आहे. हातगाडे, ऑटो, खेड्यापाड्यांतून खरेदीला आलेली माणसं, पाठीवर सॅक अडकवून शिकवणीला निघालेली मुलं आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. तिकडे नांदेडमध्ये वजिराबाद, शिवाजी पुतळा, आयटीआय चौक किंवा देगलूर नाका, कुठेही जा, चित्र जवळपास हेच.

एवढ्या गर्दीत वेग तो किती असणार? म्हणून अनेकांना वाटतं, की खरा धोका हायवेवर आहे, गावात काय होतंय! हाच समज महागात पडतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 लोकांचा मृत्यू झाला. त्यातले 74,897 जण दुचाकीवरचे होते, म्हणजे साधारण 44 टक्के. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा जीव गेला. त्यात 35,692 चालक होते आणि 14,337 मागे बसलेले. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी 15 हजारांहून अधिक लोक रस्त्यावर दगावले.

मग गर्दीच्या शहरात दुचाकी सुरक्षित चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? कायदा काय सांगतो? आणि घाई केल्याने खरंच किती वेळ वाचतो?

या दोन शहरांची वाहतूक अवघड का आहे?

2011 च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख होती, तर लातूर शहराची चार लाखांच्या जवळपास. त्यानंतर दोन्ही शहरं बरीच पसरली. इथे लोकल नाही, मेट्रो नाही. त्यामुळे शाळा, शिकवणी, दवाखाना, मोंढा, ऑफिस, सगळीकडे जायला घरटी दुचाकी हाच आधार.

त्यात रस्त्यांची रचना. लातूरचं गंजगोलाई 1917 च्या सुमारास नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून उभं राहिलं. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोलाकार बाजार आणि त्याला येऊन मिळणारे 16 रस्ते. व्यापारासाठी ही रचना उत्तम होती. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार बसला. पण हा आराखडा बैलगाडीच्या काळातला. आज त्याच गोलाभोवती ऑटो, टेम्पो, कार आणि दुचाकी एकाच वेळी फिरतात.

नांदेडमध्ये 2008 साली गुरुता गद्दी त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने शहरातले अनेक रस्ते रुंद झाले, पूल झाले. पण सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराच्या आसपासचा जुना भाग दाट वस्तीचाच आहे आणि तिथे देशभरातून भाविक येतात. होळीच्या वेळी हल्लाबोल मिरवणूक असते, तेव्हा तर वाहतूकच वळवली जाते.

शिवाय नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 याच पट्ट्यातून जातो. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठणारे ट्रक आणि ट्रॅव्हल्स शहराच्या कडेला येतात, तिथेच त्यांची गाठ दोन किलोमीटरवर किराणा आणायला निघालेल्या स्कूटीशी पडते. एकाच रस्त्यावर 10 च्या वेगाने जाणारी हातगाडी आणि 60 च्या वेगाने येणारी गाडी एकत्र आली, की अंदाज चुकायला वेळ लागत नाही.

15 सेकंदांचं गणित

समजा, पुढे 500 मीटर रस्ता मोकळा दिसतोय. ताशी 40 किलोमीटर वेगाने तो पार करायला 45 सेकंद लागतात. ताशी 60 ने 30 सेकंद. म्हणजे गाडी दामटून वाचले 15 सेकंद. पुढच्या चौकात सिग्नल लाल असेल, तर तेही गेले.

आता दुसरी बाजू. समोर अचानक कोणी आडवं आलं, तर डोळ्यांनी पाहून, मेंदूने ठरवून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. सावध चालकाचाही जातो. त्या एका सेकंदात गाडी आहे त्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि नीट दाबलेले ब्रेक धरून हिशोब केला, तर गाडी थांबायला एकूण साधारण इतकं अंतर लागतं:

– ताशी 30 किमी: 15 मीटर
– ताशी 40 किमी: 23 मीटर
– ताशी 60 किमी: 44 मीटर

वेग दीडपट झाला, पण थांबण्याचं अंतर जवळपास दुप्पट झालं. कारण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. शहरात 44 मीटर मोकळा रस्ता मिळतो कुठे? गल्लीतून निघणारं पोर, उभ्या ऑटोच्या आडून येणारी बाई, अचानक वळणारा सायकलवाला, हे सगळं 10-20 मीटरवरच घडतं.

म्हणून शहरातल्या दुचाकीचं पहिलं सूत्र असं: जेवढी जागा समोर मोकळी दिसतेय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर असतात, तिथे वेग ताशी 30 च्या आत असावा, अशी भूमिका रस्ते सुरक्षेवरच्या 2020 सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही आहे.

"इथंच तर जायचंय": हेल्मेट कशाला?

"कोपऱ्यावरून दूध आणायचंय", "शिकवणी दोन चौक सोडून आहे", "ऊन किती आहे". हेल्मेट घरी ठेवायची ही नेहमीची कारणं. त्यावर भौतिकशास्त्राचा एक साधा हिशोब पुरेसा आहे.

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. गाडी अगदी जागेवर उभी असताना तोल जाऊन तो आडवा पडला आणि डोकं आपटलं, तर ते जमिनीला साधारण ताशी 19-20 किलोमीटर वेगाने धडकतं. म्हणजे गाडीचा वेग शून्य असला तरी डोक्याचा नसतो. डांबराला किंवा दुभाजकाच्या कडेला एवढा मार कवटीला पेलेलच असं नाही.

हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर हा मार स्वतः दबून घेतो आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

खरेदी करताना आयएसआय खूण आणि त्यासोबत 'आयएस 4151' हा क्रमांक पाहावा. 1 जून 2021 पासून देशात दुचाकीचं हेल्मेट या मानकाशिवाय विकता येत नाही. रस्त्याच्या कडेला मिळणारी प्लास्टिकची हलकी टोपी चलन वाचवेल, डोकं नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेटही धडकेत आधीच उडून जातं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलावं, कारण आतला थर एकदाच दबतो.

उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा हेल्मेट नकोसं होतं हे खरंच आहे. त्यावर हवा खेळती ठेवणाऱ्या छिद्रांचं, फिक्या रंगाचं हेल्मेट आणि आत पातळ सुती कापड हा उपाय आहे. जाड रुमाल गुंडाळून वर हेल्मेट घातलं, तर ते सैल किंवा वेडंवाकडं बसतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 नुसार चालक आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांवरील मुलांनाही. नांदेडच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची: पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला याच कलमात सूट आहे. पण ही सूट पगडी घालून गाडीवर बसलेल्यालाच आहे. त्याच्या मागे बसलेल्या इतरांना ती लागू होत नाही.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम आहे. मूल चालकाला बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस, मुलासाठी हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. पेट्रोलच्या टाकीवर पोराला बसवून बाजारात जाणं या नियमात बसत नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर कायद्यात 1,000 रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ट्रिपल सीटलाही हेच. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम मात्र राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे चलनावरचा आकडा वेगळा असू शकतो. गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं हे तर 'धोकादायक ड्रायव्हिंग' मानलं जातं. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न दिल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गर्दीत गाडी हाताळायची कशी?

गाडी पळवणं सोपं आहे. 5-10 च्या वेगाने तोल सांभाळत नेणं अवघड. खरं कौशल्य तिथेच लागतं.

हाफ क्लच आणि मागचा ब्रेक. गिअरची गाडी असेल तर गर्दीत पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून, थोडा ॲक्सिलरेटर देत आणि मागचा ब्रेक हलका धरून चालवली की गाडी हिसके देत नाही. अगदी हळू चालताना पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल वळलेलं असेल, तर गाडी तिथेच आडवी होते.

नजर दूर ठेवा. पुढच्या चाकाकडे पाहत चालवलं की तोल जातो. नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते. पाहायचं खड्ड्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे.

दोन्ही ब्रेक वापरा. "पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटते" ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागेल अशी, म्हणजे सीबीएस यंत्रणा किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. जुन्या गाड्यांना यातलं काहीच नसतं, तिथे दोन्ही ब्रेकची सवय हातापायालाच लावावी लागते.

बोटं ब्रेकवर तयार ठेवा. गर्दीत दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर टेकवून ठेवली, की ऐन वेळी हात उचलण्यात जाणारा वेळ वाचतो. 40 च्या वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर जाते, हे लक्षात घेतलं तर ही सवय किती कामाची आहे ते कळतं.

पुढच्या गाडीपासून दोन सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचं. मोजून होण्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात, तर अंतर कमी आहे. ही जागा मोकळी दिसली की कोणीतरी त्यात घुसणारच. घुसू द्यावं आणि पुन्हा थोडं मागे राहावं. नुकसान होतं ते एक-दोन सेकंदांचं.

ऑटो, एसटी, ट्रॅक्टर: कोणाच्या बाजूने कसं जायचं?

ऑटो प्रवासी दिसला की कुठेही थांबतो, हे दोन्ही शहरांत सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच ऑटोच्या बरोब्बर मागे राहू नये. तो थांबला की तुमच्याकडे जागा उरत नाही आणि त्याच्या आडोशाने पुढचा खड्डाही दिसत नाही. थोडं उजवीकडे सरकून, त्याच्या आरशात आपण दिसू अशा जागी राहावं. ऑटोच्या डावीकडून तर जाऊच नये, कारण प्रवासी तिकडूनच उतरतो.

एसटी आणि ट्रकच्या बाबतीत एक साधी खूण आहे: तुम्हाला चालकाचा आरसा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसत नाही. मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा पट्टा सगळ्यात धोक्याचा. ती डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग न जाता आतून कापत जातं. तिथे अडकलेल्या दुचाकीला निसटायला जागा राहत नाही. बसस्थानकाच्या आसपास हे कायम ध्यानात ठेवावं.

गळीत हंगामात लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. अनेकदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. रात्री शहराबाहेरच्या रस्त्यावर समोर 'काळोखाचा ठोकळा' दिसला, तर ती ट्रॉली समजूनच वेग कमी करावा. ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून अंदाज घ्यावा.

आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कार. त्यांच्यापासून किमान एक मीटर अंतर ठेवावं. दार कधी उघडेल याचा नेम नसतो.

चौक आणि गोल: आधी कोणी जायचं?

3 जून 2014 रोजी मराठवाड्याचे नेते आणि तेव्हाचे केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांचं दिल्लीत अपघाती निधन झालं. विमानतळाकडे जाताना एका चौकात त्यांच्या गाडीला दुसऱ्या कारने बाजूने धडक दिली होती. हायवे नाही, शहरातला चौक. चारचाकीत बसलेल्या माणसालाही बाजूने बसलेली धडक इतकी महागात पडू शकते. दुचाकीला तर बाजूच नसते, तिथे असतो तो थेट पाय आणि बरगड्या.

चौकाचे नियम 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत दिलेले आहेत. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना मोठ्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी मान. गोलाकार चौकात जे वाहन आधीच गोलात फिरतंय त्याचा हक्क पहिला, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं.

गंजगोलाईसारख्या ठिकाणी हा शेवटचा नियम कळीचा आहे. गोल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचा. पुढचाच रस्ता घ्यायचा असेल तर डाव्या कडेने, लांबचा घ्यायचा असेल तर आतल्या बाजूने फिरून, बाहेर पडण्याआधी डावा इंडिकेटर देत हळूहळू बाहेर यायचं. "उलटं दोन दुकानं जायचंय" म्हणून राँग साइडने घुसणारा सगळ्यात धोकादायक, कारण रस्ता ओलांडणारी माणसं त्या दिशेला पाहतच नसतात.

सिग्नल हिरवा झाला की लगेच झेप घेऊ नये. पिवळ्याच्या शेवटी आणि लाल लागल्यावरही एखादा आडवा सुसाट निघतो. एक सेकंद थांबून, उजवी-डावी बघून निघावं. वळताना इंडिकेटर किमान तीन-चार सेकंद आधी द्यावा आणि आरशात पाहिल्यावर खांद्यावरून एकदा मागे नजर टाकावी. आरसे काढून टाकलेल्या गाडीवर हे शक्यच होत नाही. आरसा हा दागिना नाही, मागचा डोळा आहे.

पाऊस आणि काळी माती

जूनमधली पहिली सर सगळ्यात घसरडी असते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, टायरची भुकटी आणि धूळ पाण्यात मिसळून पातळ थर तयार होतो. पाऊस सुरू झाल्यावरची सुरुवातीची वेळ त्यामुळे जास्त जपून घालवावी.

मराठवाड्यात त्यात काळ्या मातीची भर पडते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला चिखल शहराच्या वेशीपर्यंत डांबरावर पडत येतो. ओली काळी माती साबणासारखी असते. तिच्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल झटक्यात वळवायचं नाही. आधीच वेग कमी करून गाडी सरळ ठेवून पार व्हायचं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळही ओले असताना असेच घसरतात. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं गटार, हे दिसत नसेल तर आधीच्या गाडीच्या चाकाची रेघ धरून जावं.

शिकवणीची मुलं आणि पालकांची जबाबदारी

'लातूर पॅटर्न'मुळे राज्यभरातून मुलं लातुरात येतात. नांदेडही नीट आणि जेईईच्या शिकवण्यांचं मोठं केंद्र झालं आहे. शिकवणीची बॅच सुटली की एकाच वेळी शेकडो गाड्या रस्त्यावर येतात आणि त्यातले बरेच चालक अकरावी-बारावीचे असतात. इथे कायदा स्पष्ट आहे.

गिअरच्या गाडीसाठी किमान वय 18. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी 100 ते 125 सीसीच्या असतात, म्हणजे त्या या परवान्यात बसत नाहीत. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या आणि 250 वॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना लागत नाही, पण त्याहून ताकदवान इलेक्ट्रिक गाडीला लागतो.

अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम 199अ नुसार जबाबदार धरले जातात पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. अपघातात दुसऱ्याला इजा झाली, तर विमा कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. हौसेने दिलेली चावी घरावर कर्ज आणू शकते.

मुलाला गाडी द्यायचीच असेल, तर 18 पूर्ण झाल्यावर, परवाना काढून, आणि पहिले काही महिने गर्दीच्या वेळा टाळून. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर हळू चालवणं, आठचा आकडा काढणं आणि ठरलेल्या रेषेवर ब्रेक लावून थांबणं याचा सराव करून घेतला, तर तो आयुष्यभर उपयोगी पडतो.

अपघात झालाच तर?

पहिला तास हा कायद्यानेही 'गोल्डन अवर' मानला आहे. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलीस व इतर मदतीसाठी 112. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे: नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था.

मदत येईपर्यंत मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. मानेला इजा असेल तर ती वाढते. उगाच उचलून ऑटोत कोंबण्याचाही तोच धोका.

"मदत केली तर पोलिसांच्या चकरा माराव्या लागतील" ही भीती आता धरायचं कारण नाही. कलम 134अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्तीही करता येत नाही. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

थोडक्यात

– समोर जेवढी जागा दिसतेय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.
– दोन चौकांपुरतं जायचं असलं तरी आयएसआय हेल्मेट, पट्टा लावून. मागे बसणाऱ्यालाही.
– ऑटोच्या थेट मागे नाही, ट्रक आणि एसटीच्या डाव्या कुशीत नाही.
– गोलात आधी असलेल्याला आधी जाऊ द्या. राँग साइड नको.
– दोन्ही ब्रेक एकत्र. ओल्या काळ्या मातीवर एकही नाही.
– 18 पूर्ण नाहीत, तर चावी नाही.
– फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोला.

चार किलोमीटरचं अंतर सरासरी 30 च्या वेगाने आठ मिनिटांत होतं आणि 25 च्या वेगाने साडेनऊ-दहा मिनिटांत. गर्दीतून कट मारत, हॉर्न वाजवत, सिग्नल तोडत केलेल्या घाईची कमाई एवढीच: दीड-दोन मिनिटं. घरी वाट पाहणाऱ्यांना तेवढा उशीर चालतो.